मधुमेहातील स्वोपचार-कौशल्ये

मधुमेही रुग्णाने स्वतः करावयाच्या कामांना, म्हणजे आहाराचे मोजमाप, रक्तशर्करेची तपासणी, इन्शुलिन टोचून घेणे, रक्तशर्करा एकाएकी उतरल्यास करावयाचा उपाय व पायांची निगा यांना, स्वोपचार-कौशल्ये म्हणतात. रुग्णाला ही कामे शिकविली पाहिजेत, हे बॉस्टनचे वैद्य एलियट जॉस्लिन यांनी इन्शुलिनच्या शोधापूर्वीच, १९१८ मध्ये, वैद्य व रुग्ण या दोघांसाठी लिहिलेल्या पुस्तिकेत मांडले होते.

शिकविलेले टिकते किती, हा प्रश्न वेगळा आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संकलित अभ्यासात शिक्षणानंतर लगेच ग्लायकोसिलेटेड हीमोग्लोबिन (मागील दोन-तीन महिन्यांतील सरासरी रक्तशर्करेचा निदर्शक) ०·७६ टक्क्याने घटलेले आढळले. एक ते तीन महिन्यांनी ही घट ०·२६ टक्क्यावर आली. ब्रिटनमधील ‘डेसमंड’ चाचणीत सहा तास शिक्षण घेतलेल्या व न घेतलेल्या रुग्णांच्या रक्तशर्करेत तीन वर्षांनी फरक उरला नव्हता. रोगाविषयीच्या समजुतीतील काही फरक मात्र टिकून होते.

कौशल्याचा ऱ्हास दोन प्रकारे होतो. क्वचित लागणारे कौशल्य विसरले जाते. रक्तशर्करा ७० मिग्रॅ.च्या (१०० मिलि. रक्तात) खाली गेल्यास सुमारे १५ ग्रॅम साखर घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, हे ऐन घाबरलेल्या वेळी आठवत नाही. याउलट रोजचे कौशल्य विसरले जात नाही, ते बिघडते, आणि हे अधिक फसवे असते. सोयीच्या एकाच जागी वारंवार टोचल्याने तेथे चरबीची गाठ बनते; ती जागा कमी दुखते म्हणून रुग्ण तीच पसंत करतो आणि इन्शुलिनचे शोषण अनियमित होते. भारतात एका मिलि.मध्ये ४० व १०० एकके असलेली दोन्ही इन्शुलिने मिळतात. १०० एककांचे इन्शुलिन ४० एककांच्या सिरिंजने घेतल्यास मात्रा अडीचपट होते व ते जिवावर बेतू शकते. दीर्घकालीन मधुमेहाने दृष्टी व बोटांची संवेदना मंदावते, तेव्हा पूर्वी बिनचूक येणारी कृतीही चुकू लागते.

‘इन्शुलिन नीट घेता ना?’ या प्रश्नाला बहुधा होकारच मिळतो. दोष कळण्यासाठी रुग्णाकडून कृती समक्ष करवून घ्यावी लागते. अमेरिकी मधुमेह संघटनेच्या २०१५ च्या संयुक्त निवेदनात निदानसमयी, दरवर्षी, नवी गुंतागुंत उद्भवल्यावर व उपचारव्यवस्था बदलताना स्वोपचार-शिक्षणाची गरज तपासावी, असे सुचविले आहे. रुग्ण वृद्ध असल्यास घरातील एकाने तरी ही कामे शिकून घेणे इष्ट असते.