नंबर येईपर्यंत

साडेनऊ वाजलेत, तरी जिल्हा रुग्णालयाच्या आवारातली फरशी पायाला चटका देते. परभणीचा मे. दुपारी पारा बेचाळीसच्या पुढं जाणार हे ठाऊक असल्यानं सगळे लवकर आलेत. केसपेपरच्या खिडकीशी दोन रांगा. बायांच्या रांगेत डोक्यावर पदर, काखेत लेकरू, हातात पाण्याची बाटली.

मानसोपचाराची खोली कुणी मोठ्यानं विचारत नाही. "मेंदूचे डॉक्टर कुठं बसतेत?" एक आजी शिपायाला दबक्या आवाजात विचारते. तो नुसता हात करतो. बोळाच्या शेवटी, डावीकडं.

बोळात तीन बाकडी. पंखा फिरतो, वारा लागत नाही. फिनेलच्या वासात कुणाच्या तरी डब्यातल्या लसणाच्या चटणीचा वास. जिंतूर, पालम, सोनपेठ, पाथरी. पहिल्या गाडीनं आलेली माणसं. २०२३ पासून बायांना एसटीत निम्मं तिकीट आहे. नवऱ्याची मजुरी बुडवायची नाही म्हणून जाऊ सोबत येते. शाळेला सुट्ट्या लागल्यात, म्हणून लेकरंही आलीत. घरी ठेवायचं कुणाजवळ?

एक बाई समोरच्या भिंतीकडं बघत बसलीय. शेजारी तिची पोरगी, दहाएक वर्षांची. मांडीवर गोळ्यांची पिशवी. "ही सकाळी, ही जेवल्यावर, ही रात्री," ती पलीकडच्या बाईला सांगते. रात्रीची गोळी घेतली की आईला सकाळी लवकर जाग येत नाही. मग ही उठते. पाणी भरते, चहा ठेवते, धाकट्याचं आवरते. "लई शहाणी लेक आहे बाई," पलीकडची म्हणते. पोरगी पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधते. हे कौतुक माझ्यानं ऐकवत नाही.

समोर बाळंतीण. चार महिन्यांचं बाळ सासूच्या मांडीवर. "आधी बाहेरचं बघितलं," सासू सांगते. अंगारा झाला, लिंबू उतरवून झालं. झोप उडाली होती, बाळाला जवळ घेत नव्हती, नुसती रडायची. असं दुखणं हिच्या एकटीचं नाही. भारतातल्या अनेक अभ्यासांची २०१७ मध्ये एकत्र मांडणी झाली, तेव्हा बाळंतपणानंतर नैराश्य आलेल्या आयांचं प्रमाण शंभरात बावीसच्या आसपास निघालं. या बाकड्यांवर येऊन बसल्यात त्याहून कितीतरी जणी घरीच आहेत.

बाळंतिणीची भीती वेगळी आहे. "भरती केलं तर लेकरू नेतेत का माझ्यापासून?" नर्स हातातली वही खाली ठेवते. "नाही गं बाई." २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही तेच सांगतो. तीन वर्षांखालचं मूल उपचार घेणाऱ्या आईपासून एरवी तोडायचं नाही. बाळाला धोका दिसला तरच काही काळ वेगळं ठेवायचं, आणि तेव्हाही कुणाच्या तरी देखरेखीत आईला भेटू द्यायचं. सासू नर्सकडून ते दोनदा वदवून घेते.

डॉक्टरांच्या खोलीचं दार धड लागत नाही. आतलं बोलणं बाहेर येतं. लिथियमची गोळी चालू असलेली कुणी आहे. "रानात जाता? मग पाणी सोबत ठेवा. मीठ तोडू नका. निर्जळी उपवास नको." अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं, हात थरथरतात, उलट्या होतात, चालताना तोल जातो. म्हणून रक्ताची तपासणीही लिहून दिलीय. थोडा वेळ आत कुणी बोलत नाही. मग बाईचा आवाज, "लेकीला होईल का हो माझं?" आई किंवा बापाला हा आजार असला, तरी दहातल्या नऊएक लेकरांना तो होत नाही, डॉक्टर सांगतात. हा प्रश्न मनात घेऊन किती वर्षं हिनं पोरीला जवळ घेतलं असेल.

बारा वाजत आलेत. पिशवीवाल्या पोरीचा नंबर लागतो. आई आत जाते. बाहेरच्या टेबलावर समुपदेशक ताई पोरीला आणि सोबत आलेल्या तिच्या काकूला समोर बसवून घेतात. गोळ्या कोण देतं, सकाळी चूल कोण पेटवतं, सगळं विचारतात. मग काकूला म्हणतात, "पिशवी आजपासून तुमच्याकडं. सकाळचंही कुणीतरी मोठ्यानं बघायचं. आईचा हात धरून बसली तर बसू द्या हिला, पण गोळ्यांचा हिशेब हिच्या डोक्यावर नको." काकू हात पुढं करते. पोरगी आधी एकेक पाकीट काढून तिला नीट समजावते, ही सकाळी, ही जेवल्यावर. रात्रीच्या गोळीशी थांबते. "ही दिली की दार लावून घ्यायचं, काकू."

"एकतीस!" हाक येते. दोन पोरांना घेऊन आलेला एक बाप उठतो. मोठ्याला बोटाशी धरतो, धाकट्याला बाकड्यावरल्या आजीपुढं उभं करतो. "जरा बघता का हो माय, दहा मिनिटं?"

"जा बाबा तू," आजी पोराला मांडीवर ओढून घेते. "हा जेवला का सकाळपासून?"