दुर्मीळ गिटार आणि सातासमुद्रापलीकडचा सौदा

वस्तूची किंमत तिच्या उपयोगावरून ठरते, हा बाजाराचा साधा नियम. परंतु काही वस्तूंच्या बाबतीत दुर्मीळपणा हीच किंमत असते. इलेक्ट्रिक गिटारचा आंतरराष्ट्रीय व्यापार हे त्याचे ठळक उदाहरण होय. अमेरिकेच्या गिब्सन कंपनीने १९५८ ते १९६० या काळात बनवलेली लेस पॉल स्टँडर्ड गिटार त्या वेळी फारशी खपली नाही, म्हणून कंपनीने तिचा घाट बदलला. आज तीच गिटार लाखो डॉलरला जाते. लिओ फेंडर यांनी आपली कंपनी १९६५ साली सीबीएसला विकली. त्यापूर्वीचा फेंडरचा माल ग्राहक देशोदेशी शोधत असतात.

वाद्यांविषयी उलेमांमध्ये असलेले मतभेद वाचकांना ठाऊक आहेत. तो विषय आम्ही येथे घेत नाही. न पाहिलेली महाग वस्तू परदेशातून मागवताना सौदा कसा होतो, कोठे फसतो आणि खरेपणाला काय मोल येते, एवढेच आम्हाला दाखवायचे आहे. हा धडा कोणत्याही आयात व्यापाऱ्याच्या कामाचा आहे.

जपानची बाजारपेठ

या व्यापाराचे मोठे केंद्र जपान आहे. सत्तरच्या दशकात तेथील कारखाने अमेरिकन गिटारच्या इतक्या हुबेहूब नकला करू लागले की, गिब्सनच्या मालक कंपनीने १९७७ साली आयबानेझच्या अमेरिकेतील वितरकावर दावा लावला. पुढे १९८२ साली फेंडरने स्वतःच जपानी भागीदारांसह 'फेंडर जपान' सुरू केली. मात्सुमोतो येथील फुजिजेन कारखान्यात तयार झालेल्या त्या पहिल्या मालाच्या क्रमांकाची सुरुवात 'जेव्ही' या अक्षरांनी होते. जपानी ग्राहकांसाठी बनलेला हा माल आज बाहेरचे शौकीन मागतात. टोकियोच्या ओचानोमिझू भागात तर गिटारच्या दुकानांची रांगच आहे.

त्यात येनची घसरण. २०११ साली एका डॉलरला सुमारे ७६ येन मिळत. जुलै २०२४ मध्ये हा दर १६० च्या वर गेला. म्हणजे १ लाख ५२ हजार येनची जी गिटार पूर्वी २,००० डॉलरला पडली असती, ती १६० च्या दराने ९५० डॉलरला पडली. माल तोच, फरक केवळ हुंडणावळीचा!

मात्र चिठ्ठीवरची किंमत ही शेवटची किंमत नव्हे. तिच्यावर भाडे, विमा, दलाली आणि सरहद्दीवरचे कर चढतात. आयात मालावरील मूल्यवर्धित कराचा सर्वसाधारण दर ब्रिटनमध्ये २० टक्के, तर जर्मनीत १९ टक्के आहे. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला मिळणारी करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांसाठी बंद झाली.

लाकडाचा दाखला

अनेक सौदे पैशावर नव्हे, लाकडावर अडतात. गिटारच्या दांड्यावर बोटे दाबण्याची जी पट्टी असते, ती पुष्कळदा शिसवाच्या जातीच्या लाकडाची असते. १९५९ नंतरच्या काही वर्षांतील फेंडर गिटारींना ब्राझीलचे शिसव वापरलेले आहे. या झाडाला ११ जून १९९२ पासून 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराचे सर्वांत कडक संरक्षण मिळाले. त्यामुळे लाकूड त्या तारखेपूर्वीचे असल्याचा सरकारी दाखला निर्यात करणाऱ्या देशातून आधी घ्यावा लागतो. दाखला नसल्यास माल जप्त होऊ शकतो. मग हजारो डॉलर गेलेच समजा.

आपल्या सह्याद्रीत वाढणारे शिसवही गिटारला चालते. २ जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या उरलेल्या सर्व जातींवरही कागदपत्रांचे बंधन आले. वाद्य बनवणाऱ्यांनी जगभर तक्रारी केल्या, तेव्हा २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझीलच्या शिसवाला मात्र ही सूट नाही. खुद्द गिब्सन कंपनीवरही लाकडाच्या आयातीवरून २००९ व २०११ साली छापे पडले आणि २०१२ च्या तडजोडीत तिला ३ लाख डॉलर दंड भरावा लागला.

न पाहिलेला माल

जुन्या मालात खोट लपवणे सोपे असते. मूळ रंग खरवडून पुन्हा रंगवलेली किंवा दांडा मोडून जोडलेली गिटार साधारण निम्म्या किमतीची होते. म्हणून जाणकार ग्राहक आतील भागांची छायाचित्रे मागतो. आवाज कमी-जास्त करणाऱ्या सुट्या भागावर १३७ ६६ ३२ असा आकडा असेल, तर तो भाग सीटीएस कंपनीने १९६६ च्या ३२ व्या आठवड्यात बनवलेला असतो. विक्रेता त्याच गिटारला १९६३ ची म्हणत असेल, तर त्याने खुलासा केला पाहिजे.

इस्लामी कायद्याने हा प्रश्न फार पूर्वीच हाताळला आहे. हनफी मतानुसार न पाहता केलेला सौदा होतो, परंतु वस्तू पाहिल्यावर तो मोडण्याचा हक्क ग्राहकाकडे राहतो. कोकणातील बहुतेक बांधव शाफई आहेत. त्या मजहबातील प्रबळ मतानुसार न पाहिलेल्या ठराविक वस्तूचा सौदाच दुरुस्त नाही. म्हणून परदेशातील मुखत्यार माल स्वतः पाहून सौदा करतो की केवळ पैसे भरून पार्सल पुढे पाठवतो, हे आधी विचारावे. लिलावातून माल उचलून देणारे दलाल बहुधा दुसऱ्या प्रकारचे असतात. दोष उघड करणे तर विक्रेत्याचे कर्तव्यच आहे. मदीनेच्या बाजारात धान्याच्या ढिगाखालचा ओलावा प्रेषितांच्या (स.) हाताला लागला, तेव्हा ते भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले होते.

आणखी एक मोह टाळावा. कर वाचवण्यासाठी पार्सलवर 'भेट' लिहा किंवा किंमत कमी दाखवा, असे काही ग्राहक सुचवतात. ही खोटी साक्ष होय आणि व्यवहारातही तोट्याची. वाटेत दांडा मोडला, तर भरपाई लिहिलेल्या किमतीवरच मिळते.

आमचे मत असे की, या धंद्यात खरी दुर्मीळ वस्तू गिटार नसून विश्वासू विक्रेता आहे. जो दोष आधी सांगतो, दाखला आधी काढतो आणि किंमत खरी लिहितो, त्याच्याकडे ग्राहक दुसऱ्यांदा येतो. आमच्या तरुण व्यापाऱ्यांनी कोणताही माल परदेशातून आणावा वा पाठवावा, सुरुवात या तीन गोष्टींपासून करावी.