ॲल्युमिनियमचे मुख्य दार घेताना

पावसाळा लागला की लाकडी दार फुगते. कडी बसेना म्हणून रोज खांदा लावून ते ढकलावे लागते. पुढे थंडीत तेच दार आक्रसते आणि फटीतून वारा शिरतो. त्यात वाळवी लागली तर चौकटच पोखरली जाते. या दरवर्षीच्या तापाला कंटाळून अनेक कुटुंबे मुख्य दारासाठी ॲल्युमिनियमचा विचार करतात. विचार योग्य आहे; पण न्हाणीघराला चालेल तसले दार घराच्या तोंडाशी बसवू नये.

ॲल्युमिनियम लोखंडासारखे गंजत नाही, पाण्याने फुगत नाही. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा पातळ थर जमतो व तोच आतल्या धातूचे रक्षण करतो. वजन पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश, त्यामुळे बिजागऱ्यांवर ताण कमी. मात्र त्याचा ताठपणाही पोलादाच्या सुमारे एक तृतीयांशच. म्हणून चौकटीची नळी पातळ असेल तर दार झुलते, खडखडते आणि पहारीच्या हिसक्याने वाकते.

कारागीर भाव सांगतो चौरस फुटाचा. आपण जाडी विचारावी. एकाच आकाराच्या १.२ मिलिमीटर जाडीच्या नळीपेक्षा २ मिलिमीटरच्या नळीत धातू दीडपटीहून अधिक असतो. स्वस्त भावाचे गुपित बहुधा येथेच असते. मुख्य दारासाठी २ मिलिमीटरच्या आसपास जाडी मागावी व कापलेले टोक समोर मोजून घ्यावे.

मधल्या भागात भुशाची दाबलेली फळी असेल तर तिच्या कडांतून पाणी शिरते व ती फुगते. निदान खालच्या अर्ध्या भागात तरी जाड पत्रा घ्यावा. काच हवीच असेल तर लॅमिनेटेड घ्यावी. ती फुटली तरी तुकडे जागीच धरून राहतात.

कुलपाकडे विशेष लक्ष द्यावे. पोकळ नळीच्या पातळ भिंतीत बसवलेले स्क्रू जोराने उपसून येतात. कुलपामागे आतून आधाराची पट्टी घालून घ्यावी. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे असावेत. साधे लोखंडी स्क्रू ओलाव्यात गंजतात, शिवाय सभोवतालचे ॲल्युमिनियमही खाल्ले जाते. ओले सिमेंट आणि चुना यांनीही या धातूवर डाग पडतात. म्हणून गिलावा पुरा होईपर्यंत चौकटीवर चिकटपट्टी ठेवावी.

माप घेताना भिंतीतल्या जागेचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे नसतील तर दार पुढे घासणारच. मोकळी रुंदी शक्यतो ३ फूट ठेवावी. उद्या घरातल्या वृद्धांना चाकाच्या खुर्चीतून न्यावे लागले तर ती उपयोगी पडते.

दार बसल्यावर ओल्या फडक्याने व सौम्य साबणाने पुसणे पुरेसे. पितळेच्या भांड्यांना चालणारी राख, चिंच किंवा धुण्याचा सोडा दाराला लावू नये. तारेच्या घासणीने मुलामा निघतो.

शेवटी एकच सांगणे. पै-पै साठवून केलेले हे काम आहे. इसार देण्यापूर्वी नळीची जाडी, मुलामा, फळी, कुलूप आणि स्क्रू या पाच गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात व खाली कारागिराची सही घ्यावी. चकाकी पहिल्या दिवशी सगळ्याच दारांना असते. प्रश्न विचारण्यात कसला आला कमीपणा? घर आपले आहे, दारही आपले.