बांधावरचे बारमाही पीक

भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्रात कोळसा जळतो आणि त्याच जळगाव जिल्ह्यात कापसाची वेचणी संपली की कित्येक शेतांत पऱ्हाट्या नुसत्याच पेटवून दिल्या जातात. औष्णिक वीजकेंद्रांनी कोळशात शेतीजन्य इंधन मिसळावे, असे धोरण केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०२१ मध्ये ठरविले. पऱ्हाटी वर्षातून एकदाच मिळते. म्हणून बांबूसारख्या, एकदा लावून अनेक वर्षे तोडता येणाऱ्या पिकांचाही पुरस्कार होऊ लागला आहे. विचार स्वागतार्ह आहे. परंतु ही पिके कोठे लावावयाची आणि कोणाच्या जोखमीवर, हा खरा प्रश्न आहे.

जट्रोफाचा अनुभव विसरून चालणार नाही. २००३ नंतर त्याचा मोठा गाजावाजा झाला. २००९ च्या राष्ट्रीय धोरणाने २०१७ पर्यंत वीस टक्के जैवइंधनमिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले. पडीक जमिनीत, पाण्यावाचून भरघोस बी येईल, हे गृहीतच फोल ठरले. डिझेलचे उद्दिष्ट कागदावरच राहिले.

तेव्हा काळ्या, कसदार जमिनीत ज्वारी, कडधान्ये व कापूसच राहावा. बांबू व बहुवर्षायू गवते यांची जागा बांध, नाल्यांचे काठ आणि सातपुड्याच्या पायथ्याचे उतार ही होय. तेथे त्यांची मुळे माती धरून ठेवतात, पालापाचोळ्याने जमीन झाकली जाते. बांधालगतच्या ओळींना सावलीचा थोडा उपद्रव होतो, हेही शेतकऱ्यास आधीच सांगितले पाहिजे.

बांबूची पहिली तोड चौथ्या-पाचव्या वर्षी येते. तोवर कोरडवाहू शेतकऱ्याने काय खावे? महाराष्ट्राने १९९० मध्ये फळबागलागवड रोजगार हमी योजनेशी जोडून याचे उत्तर एकदा दिले आहे. तीच वाट येथेही चोखाळावी. आणि रोप देण्यापूर्वी खरेदीचा लेखी करार व्हावा.

धुळे जिल्ह्यातील बारीपाड्याने आणखी एक धडा दिला आहे. १९९० च्या दशकात चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने या आदिवासी पाड्याने स्वतःच नियम घालून जंगल राखले. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तेथे जंगल वाढले, कारण नियम गावाचे होते आणि लाभही गावाचाच होता.

वीजकेंद्राची गरज भागविण्यासाठी शेती राबवावयाची, की शेती सावरताना वीजकेंद्रालाही इंधन द्यावयाचे, याचा निर्णय पहिले रोप लावण्यापूर्वीच झाला पाहिजे.