नव्या कोळंबी तळ्यात खाद्य हात राखून टाका



खाडीकाठच्या खाजणात ज्यांनी यंदा पहिल्यांदाच कोळंबीचे तळे केले आहे, त्यांच्यासाठी हे पत्रक. रेडिओवरच्या भाषणात पाण्यातल्या नत्राचा विषय घाईत उरकावा लागला. तो इथे सविस्तर देत आहोत.

भाताला युरिया द्यायचा तर तुम्ही पोती मोजून देता. तळ्यात मात्र नत्र न मोजता जाते, कारण ते खाद्यातून जाते. हिशेब करून बघा. कोळंबीच्या खाद्यात साधारण 35 टक्के प्रथिने असतात आणि प्रथिनांत सुमारे 16 टक्के नत्र असते. म्हणजे 100 किलो खाद्यात साडेपाच किलोंहून थोडे जास्तच नत्र आले. त्यातले जेमतेम चौथा हिस्सा कोळंबीच्या अंगी लागते. बाकीचे तिच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि न खाल्लेल्या दाण्यांतून पाण्यात नि गाळात जाते. एक टन कोळंबी काढायला दीड टन खाद्य लागले, तर साठ किलोंच्या वर नत्र तळ्यात मागे राहते. 45 किलोच्या तीन पोती युरियात असते तेवढे! जाणूनबुजून तळ्यात तीन पोती युरिया कोणी ओतेल का? पण घडते ते हेच.

या नत्राचा पहिला अवतार अमोनिया. तो कोळंबीला विष आहे. पाण्यातले आणि गाळावरचे काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट त्यामानाने निरुपद्रवी. पण नव्या तळ्यात या जिवाणूंची वस्तीच नसते. दुधाला विरजण लागायला वेळ लागतो, तसेच हे आहे. वस्ती बसायला तीन ते सहा आठवडे जातात, आणि दुसऱ्या जातीचे जिवाणू मागाहून येतात. तोवर खाद्याचा मारा केलात तर अमोनिया साठतो, त्यामागून नायट्राइट चढते. खाऱ्या पाण्यात नायट्राइट कमी बाधते. पण जोराच्या पावसाने पाणी गोडे झाले की त्याचा जाच वाढतो, हे पावसाळी पीक घेणाऱ्यांनी ध्यानात धरावे. शहरात लोक काचेच्या पेटीत समुद्राचे पाणी भरून मासे नि प्रवाळ पाळतात, तेही पहिल्या महिन्यात याच चुकीने हात पोळून घेतात.

मग नायट्रेट झाले म्हणजे सुटलो का? नाही. नायट्रेट आणि खाद्यातले स्फुरद यांवर शेवाळ माजते. पाणी गर्द हिरवे झाले की माणूस खूश होतो, पण हे शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते आणि रात्री तोच ओढते. पहाटे चार-पाचच्या सुमारास तळ्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो. ढगाळ दिवसानंतर शेवाळ एकदम मेले, तर त्या एका पहाटे कोळंबी काठाला आणि पाण्याच्या वर येऊन तडफडते. चार महिन्यांची मेहनत आणि कर्जाचा हप्ता, दोन्ही तासाभरात जातात. म्हणून पंखे रात्री बंद ठेवून वीज वाचवण्याचा मोह धरू नका.

पाण्याची गर्दी मोजायला महागडे यंत्र नको. वीतभर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची थाळी दोरीने पाण्यात सोडा. ती 30 ते 40 सेंटीमीटरवर दिसेनाशी व्हावी. त्याआधीच दिसेनाशी झाली तर शेवाळ जास्त आहे, खाद्य कमी करा.

आता मुख्य उपाय. तळ्यात तीन-चार ठिकाणी जाळीची तबके ठेवा, दर वेळी थोडे खाद्य त्यांत टाका आणि दोन तासांनी उचलून बघा. दाणे उरले असतील तर पुढचे खाद्य कमी. तबक साफ असेल तरच वाढवा, तेही बेताने. कंपनीच्या छापील तक्त्यापेक्षा तबकावर जास्त विश्वास ठेवा. एका तळ्यावर पाहिले, तबके होती पण आठवडाभर कोणी उचललीच नव्हती. त्यांत बुरशी धरलेले खाद्य होते आणि मालक विचारत होते, कोळंबी वाढत का नाही. ढगाळ हवेत, मोठ्या पावसानंतर आणि कोळंबी कात टाकते तेव्हा ती कमी खाते. अमावास्या-पौर्णिमेला कात पडते असा तळेवाल्यांचा अनुभव आहे, त्या दिवसांत हात आखडा.

चुन्याबाबत एक गोष्ट अवश्य सांगायची. जिवाणू अमोनिया पचवताना पाण्यातला चुन्याचा अंश खर्च करतात, म्हणून अधूनमधून चुनखडीची भुकटी द्यावी लागते. पण पाण्यात अमोनिया असताना कळीचा चुना किंवा विरवलेला चुना टाकू नका. त्याने पाण्याचा सामू चढतो, आणि सामू 7 वरून 8 झाला की अमोनियाचा विषारी वाटा जवळजवळ दसपट होतो. दुपारी शेवाळामुळे सामू आपणहून चढलेला असतो, म्हणून अमोनियाची तपासणी दुपारी करावी. विषारी अमोनिया लिटरला 0.1 मिलिग्रॅमच्या खाली राहिला पाहिजे. तपासणीची पेटी बाजारात मिळते.

अमोनिया चढलाच तर दोन दिवस खाद्य निम्मे करा, पंखे चालू ठेवा आणि गूळ किंवा काकवी पाण्यात विरघळवून तळ्यात फिरवा. गोडावर वाढणारे जिवाणू अमोनिया ओढून घेतात. एक किलो अमोनिया-नत्र बांधायला साखर-पिष्टाचे सुमारे 20 किलो लागतात, तेव्हा चार मुठी गुळाने काही होत नाही. हे जिवाणू प्राणवायूही भरपूर खातात. पंखा नसलेल्या तळ्यात हा प्रयोग नको.

तळाशी काळा, कुजक्या अंड्याच्या वासाचा गाळ साठला असेल तर तिथे खाद्य टाकणे थांबवा.

काढणीच्या वेळी उघाडी उघडून सगळे पाणी एकदम खाडीत सोडू नये. शेवटचे हातभर पाणी सर्वांत घाण असते, ते आधी वेगळ्या खड्ड्यात निवू द्या. पुढच्या भरतीला शेजारी तेच पाणी आपल्या तळ्यात घेणार असतो, आणि रोगही त्याच वाटेने जातो. गाळ उन्हात वाळवून बांधावर टाका. तो खारा असतो, भातखाचरात किंवा परसात पसरू नका.