लुईझियानात पूर्वज शोधताना
न्यू ऑर्लिन्स १७१८मध्ये फ्रेंचांनी वसवलं. १७६२च्या गुप्त तहाने ते स्पेनकडे गेलं. म्हणून एकच माणूस फ्रेंच वहीत ‘झाँ’, तर स्पॅनिश वहीत ‘हुआन’ म्हणून भेटू शकतो. सुरुवात चर्चच्या बाप्तिस्मा-लग्नाच्या वह्यांपासून करावी; तिथे स्त्रीचं माहेरचं आडनाव बहुधा टिकतं, त्यामुळे आजोळचा धागाही हाती लागतो. स्पॅनिश कारभाराचे पुष्कळ कागद क्यूबामार्गे सेव्हिलच्या दप्तरखान्यात पोचले आहेत.

सर्वांत खडतर शोध गुलाम केलेल्यांच्या वंशजांचा. त्यांचे पूर्वज सापडतात ते खरेदीखतांत आणि मृत मालकांच्या मालमत्तेच्या याद्यांत, किमतीसह. इतिहासकार ग्वेंडोलिन मिडलो हॉल यांनी हीच दप्तरं चिकाटीने उपसून सुमारे एक लाख माणसांची नावं, वयं, कसब आणि काहींचा आफ्रिकेतला मूळ समाजही सर्वांसाठी खुला केला.