नावाचे ऋण

आज २३ ऑगस्ट. १९५८ साली याच दिवशी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. वर्धापनदिनी संस्थेचे अभीष्टचिंतन करावे, दोन गौरवाचे शब्द लिहावेत आणि विषय संपवावा, हा वृत्तपत्रीय शिष्टाचार आम्हांस ठाऊक आहे. परंतु ज्या विद्यापीठाच्या नावासाठी माणसांची घरे जळाली आणि प्राण गेले, त्याच्या वर्गांत शिकवावयास पुरेसे शिक्षक असू नयेत, ही गोष्ट आतल्या पानावरील चार ओळींत विझून जाण्याजोगी नाही. म्हणूनच हा विषय आज आम्ही पहिल्या पानावर घेतला आहे.

हे विद्यापीठ मराठवाड्याला आयते मिळालेले नाही. निजामी अमदानीत येथल्या मुलाला पदवी घ्यावयाची म्हणजे हैदराबादची वाट धरावी लागे. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने इंग्रजीऐवजी एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा मोठा प्रयोग केला, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. मात्र ती भाषा उर्दू होती, आणि ज्याच्या घरात मराठीखेरीज शब्द नव्हता त्या शेतकऱ्याच्या, बलुतेदाराच्या मुलाला ते दार दुहेरी बंद होते. एकदा अंतराने आणि एकदा भाषेने. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, तरी ती दारे एका दिवसात उघडली नाहीत.

ती उघडण्याच्या कामी पहिल्या काही हातांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा हात होता. विद्यापीठ स्थापन होण्याच्या आठ वर्षे आधी, १९५० साली, त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. त्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव मिळाले आणि त्या परिसराला नागसेनवन. प्रश्न विचारणारा राजा मिलिंद आणि न कंटाळता उत्तरे देणारा भिक्षू नागसेन! शिक्षणाची याहून नेमकी व्याख्या आम्हांस तरी सुचत नाही. विचारणारा हवा, आणि त्याच्यासमोर बसून उत्तर देणाराही हवा.

या भूमीवर विद्यापीठ उभे राहिले. मुंबई विद्यापीठाच्या कारभाराचा दीर्घ अनुभव असलेले डोंगरकेरी पहिले कुलगुरू झाले. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांचा विस्तार त्याच्याकडे आला. पुढील तीन-चार दशकांत या शहराने मराठी साहित्याला जे दिले ते मुंबई-पुण्याच्या सावलीत वाढलेले नव्हते. मिलिंदचे प्राचार्य म. ना. वानखडे यांनी दलित साहित्याच्या विचाराला आकार दिला. गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ चालवून ज्यांना कोणी छापत नव्हते त्यांना छापले. पुढे तेच विद्यापीठाच्या मराठी विभागात अध्यापक झाले. भालचंद्र नेमाडे यांनीही येथे अध्यापन केले. चांगला शिक्षक एखाद्या गावी दहा वर्षे टिकला म्हणजे त्या गावचे वाङ्मय, रंगभूमी आणि वादविवाद कसे बदलतात, याचा हा पुरावा आहे.

आणि मग नामांतर. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून जे घडले ते आठवताना आजही मान खाली जाते. वस्त्या जाळण्यात आल्या. पोचीराम कांबळे यांच्यासारख्यांना जीव गमवावा लागला. मोर्चे निघाले, तुरुंग भरले; सोळा वर्षे हा प्रश्न धुमसत राहिला. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघाले.

तेव्हापासून दरवर्षी १४ जानेवारीस विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराशी हजारो लोक येतात. ते कमानीपुढे माथा टेकवतात आणि जाताना पुस्तके विकत घेऊन जातात. त्यांतील अनेकांनी विद्यापीठाचा वर्ग आतून कधी पाहिलेला नसतो. आपल्या नातवंडाने तो पाहावा, एवढ्यासाठी ते आलेले असतात. नामांतराच्या लढ्याचा खरा अर्थ त्या गर्दीला कळला आहे. तो शासनाला कळला आहे काय, हा आमचा प्रश्न आहे.

कारण गेल्या दशकात राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांचे चित्र असे झाले आहे की, प्राध्यापक निवृत्त होतो आणि त्याची जागा वर्षानुवर्षे रिकामी राहते. भरतीची जाहिरात निघते, नियम बदलतात, प्रक्रिया थांबते, पुन्हा जाहिरात निघते. मधल्या काळात वर्ग चालवितो तो तासिका तत्त्वावरील अध्यापक. विद्वत्तेत तो कमी असतोच असे नाही. पण ज्याला पुढच्या सत्रात आपण येथे असू की नाही हे ठाऊक नाही, त्याने पाच वर्षांचे संशोधन कशाच्या आधारावर हाती घ्यावे? शेकडो संलग्न महाविद्यालयांच्या परीक्षा, उत्तरपत्रिका आणि गुणपत्रिका यांच्या ओझ्याखाली विद्यापीठाचे रूपांतर परीक्षा घेणाऱ्या कचेरीत होते, ते याच वाटेने.

तिजोरीवर भार आहे, खासगी विद्यापीठे आली आहेत, उत्तम व्याख्याने आता घरबसल्या ऐकता येतात, असे यावर सांगण्यात येते. यांतील एकही गोष्ट आम्ही नाकारीत नाही. ज्याला परवडते तो पुण्यास किंवा परदेशी जाईल, आणि या शहरातील सुखवस्तू कुटुंबांतील मुले तशी जातही आहेत. पण गेवराई किंवा भोकरदनच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलीला दुसरे विद्यापीठ नाही. तिच्या शुल्कात आणि तिच्या बसच्या पल्ल्यात येणारे हे एकच आहे.

शिवाय काही कामे अशी आहेत की, ती दुसरे कोणी करणार नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकात जमिनीखालून पाणी आणणारी नहर या शहरासाठी बांधली; दुष्काळाने गांजलेल्या प्रदेशाला त्या जलव्यवस्थेचा बारकाईने अभ्यास हवा. पैठणचा सातवाहनकालीन इतिहास, महानुभावांच्या पोथ्या, अंबाजोगाईच्या दासोपंतांची कापडावर लिहिलेली पासोडी, वेरूळ-अजिंठ्याची लेणी ही सारी संपत्ती विद्यापीठाच्या दाराशी आहे. ती वाचणारे, लावणारे, शिकविणारे विद्वान येथेच घडावयास हवेत. आपल्या प्रदेशाचे ज्ञान बाहेरून उसने आणावे लागणे हे प्रादेशिक विद्यापीठाला भूषणावह नाही.

तेव्हा आमच्या मागण्या थोड्या आणि स्पष्ट आहेत. मंजूर पदे ठरावीक मुदतीत, गुणवत्तेने आणि आरक्षणाचे नियम काटेकोर पाळून कायमस्वरूपी भरावीत. परीक्षेच्या कामासाठी स्वतंत्र यंत्रणा पुरवून अध्यापकांचा वेळ मोकळा करावा. ग्रंथालयाच्या अनुदानाला कात्री लावू नये. विद्यापीठाच्या अधिकार मंडळांवर बसणाऱ्यांनीही निवडणुकीच्या गटातटांतून थोडी सवड काढून वर्गखोल्यांकडे पाहावे. आणि नागरिकांनी, विशेषतः ज्यांची मुले बाहेर शिकतात त्यांनी, हा प्रश्न परक्याचा मानू नये.

बाबासाहेबांचे नाव कमानीवर कोरण्यासाठी सोळा वर्षे लागली आणि त्याची किंमत गरिबांनी मोजली. पुढच्या १४ जानेवारीस ते लोक पुन्हा त्या दाराशी येतील. त्यांच्या मुलांच्या प्रश्नांना समोर बसून उत्तर देणारा नागसेन तोवर आत नेमलेला असावा, इतकेच आमचे मागणे आहे.